ऑस्करला जोडीदार

आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. आई गेल्यावर मी त्यांना निमोण्याहून शिरूरला आमच्या फ्लॅटवर आणलं. मी कंपनीत, बायको शाळेत शिकवायला; आबा दिवसभर टीव्हीपुढं. कंटाळतील म्हणून काचेची टाकी आणि तिच्यात एक ऑस्कर मासा आणला. दोन हजार सालाच्या आसपास हे फॅड आमच्याकडं घरोघर शिरलं होतं, मग आम्ही कशाला मागं राहतोय!

त्या माशानं आबांना लळा लावला. ते जवळ गेले की हा शेपूट हलवत काचेला यायचा, त्यांच्या बोटांतून दाणा घ्यायचा. मी बोट बुडवलं की मात्र तोंड फिरवायचा. शहाणाच होता लेकाचा.

मग आबांचं एक पालुपद सुरू झालं. "एकटं जनावर ठिवू नये रं. कळपातनं एकलं मेंढरू काढलं की ते चारा सोडतं, वरडून वरडून मरतं. त्याला जोडीदार आन."

दुकानदारानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इसको अकेला ही रखना, भाई. दूसरे को मारेगा." मी आबांना ते सांगितलंच नाही. मासे भांडून भांडून काय भांडणार, असं वाटलं. शिवाय शिरूरला आल्यापासून आबांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

आठ महिने टाळाटाळ करून एका रविवारी मी दुसरा ऑस्कर आणला, जरा लहान. आबांनी त्याला लगेच सोडू दिलं नाही. नवं मेंढरू कळपात घालायच्या आधी शेजारी बांधतात, तसं त्यांनी त्याला पिशवीसकट पाण्यात तरंगत ठेवलं. "वळख हू दे," म्हणाले. मग पिशवीची गाठ सोडली.

आमचा चहा संपायच्या आत मोठा मासा काळाठिक्कर पडला आणि लहान्यावर तुटून पडला. तोंडात तोंड धरून ओढलं, कोपऱ्यात दाबलं, काचेवर आपटलं. टक् टक् आवाज खोलीभर येत होता. पाण्यात खवले तरंगायला लागले. लहान्याचा एक डोळाच राहिला नाही. मी जाळी शोधायला धावलो. आबा मात्र कोपरापर्यंत हात घालून "हुर्र! हुर्र!" ओरडत होते, मेंढरं हाकतात तसं. माशानं त्यांचंच बोट फोडलं, रोज दाणा देणारं.

लहान्याला जाळीनं बाहेर काढलं तेव्हा तो मेला होता.

आबा ओल्या बाहीनं सोफ्यावर बसले. "आसं जनावर उभ्या जन्मात बघितलं न्हाई," म्हणाले. मला राहवेना. दुकानदाराचं बोलणं मी सांगून टाकलं.

"तुला ठावं व्हतं?"

"हो, आबा."

"म्हंजी त्याला एकटंच बरं वाटतं?"

"हो."

आबा उठून टाकीपाशी गेले. "मग ऱ्हाऊ दे त्याला हितं. मला निमोण्याला सोड. मला न्हाई जमत."

थोबाडीत बसावी तसं झालं. आठ महिने तो माणूस कुणासाठी जोडीदार मागत होता, ते माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं.

सोमवारी रजा टाकून मी त्यांना गावी घेऊन गेलो. चुलत्यांच्या ओट्यावर चार म्हातारी माणसं गप्पा मारत बसली होती. आबा खांद्यावरची पिशवी न उतरवताच त्यांच्यात जाऊन बसले.