मोत्याची चाल

ज्याला घड्याळात किती वाजले हे शेवटपर्यंत सांगता आलं नाही, त्या माणसाइतकं घड्याळ कळलेला दुसरा माणूस मला उभ्या आयुष्यात भेटलेला नाही. हा माणूस म्हणजे आर्णीजवळच्या एका गावातले माझे घरमालक. विदर्भ मुंबई राज्यात जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी नवा कोरा मास्तर म्हणून त्या गावच्या शाळेवर रुजू झालो आणि त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत राहू लागलो. पहिल्याच दिवशी शाळेला उशीर नको म्हणून मी त्यांना विचारलं, "काका, किती वाजले?" त्यांच्या डाव्या मनगटावर दोन घड्याळं होती आणि उजव्यावर एक. तिन्हींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. अंगणातल्या कडुनिंबाची सावली कुठवर सरकली ते पाहिलं आणि म्हणाले, "साडेधा व्हाले पाच-सात मिन्टं कमी हायत." मी माझं घड्याळ पाहिलं, तर दहा चोवीस. त्यांच्या मनगटांवर मात्र एकात सव्वातीन वाजले होते, एकात आठ आणि एकात बाराला दहा कमी.

अशी अकरा घड्याळं त्यांच्याकडे होती. तीन अंगावर, आठ बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात, घरच्याच कापसाच्या रुईच्या गादीवर. घड्याळांचा शौक करणारे लोक मी नंतरही पाहिले. कोणी तबकडीवर भाळतो, कोणी सोन्याच्या मुलाम्यावर, कोणी आत किती माणकं आहेत ते विचारतो. आमचे काका घड्याळ घेताना डोळे मिटून घेत. घड्याळ डाव्या कानाला लावत, कारण उजवा कान त्यांनी माणसांसाठी ठेवला होता, आणि बराच वेळ तसेच उभे राहत. मग मान हलवत किंवा घड्याळ परत करत. मास्तरकीच्या खुमखुमीत मी त्यांना काटे वाचायला शिकवायला बसलो, तेव्हा त्यांनी पाचव्या मिनिटाला माझी शाळा सोडून दिली. "काटे म्हंजे घड्याईचं शेपूट, मास्तर. शेपूट पाहून बैल घेते का कोनी? चाल पाहा लागते." त्यामुळे त्यांची घड्याळं जी वेळ दाखवत घरात आली, तिथूनच पुढे आपापल्या हिशेबाने चालत राहिली. त्यांना एका वेळेवर आणण्याचा जुलूम काकांनी कधी केला नाही.

नावंही बैलांचीच. घाटंजीच्या एका निवृत्त रेंजरकडून आलेला तो सर्जा, बाभुळगावच्या कंपाउंडरकडून आलेला तो पवळ्या. पण सगळ्यांत लाडका मोत्या, कारण हा सगळा नाद त्याच्यापासून सुरू झाला. काका कापसाची बैलबंडी घेऊन यवतमाळच्या बाजारात गेले होते. बंडीच्या तळाशी ओला कापूस दडवलाय का, ते पाहायला व्यापाऱ्याचा माणूस त्यांच्या खांद्यावरून वाकला आणि त्याने हात खोल घातला. त्याचं मनगट काकांच्या डाव्या कानाशी आलं. काकांच्या आयुष्यात घड्याळ तोवर भिंतीवरची किंवा दुसऱ्याच्या हातावरची वस्तू होती. ते बोलतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. भाव काय ठरला तेही त्यांनी नीट ऐकलं नाही. पुढे तीन हंगाम ते त्याच माणसाकडे कापूस नेत राहिले आणि दरवेळी घड्याळ मागत राहिले. तिसऱ्या वर्षी तो बिचारा कंटाळला आणि त्याने पट्टा सोडला.

सकाळी बैलांना पाणी दाखवून झालं की काका ओसरीवर बसून अकराही घड्याळांना चावी देत. प्रत्येकाला किती वेढे लागतात ते बोटांना पाठ होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरातले बैल खांदे शेकून घेत आणि काका त्यांच्या कानात "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणत, तेव्हा तेच आवतण डब्याचं झाकण उघडून घड्याळांनाही दिलं जाई. पोळ्याच्या दिवशी चावी बंद. "वरीसभर चालतेत बिचारे, एक दिवस तं थांबू द्या." दुपारपर्यंत एकेक घड्याळ गप्प होई आणि मग काकांनाच करमेनासं होई. ते उगाच गोठ्यात जाऊन येत, डबा उघडून पाहत, परत मिटत. काकूंचं या सगळ्यावर एकच म्हणणं होतं आणि ते त्या मला रोज ऐकवत. "घड्याईच्या पोटातलं ऐकू येते यायले. म्या चुलीपासून चार हाका मारल्या तं एक ऐकू येत नाई."

एकदा बैल धुताना मोत्या मनगटावरून सुटून हौदात पडला. आर्णीच्या कारागिराने कानावर हात ठेवले. मी प्रशिक्षणासाठी यवतमाळला निघालो होतो, म्हणून मोत्या माझ्या स्वाधीन झाला. तिथल्या एका घड्याळवाल्याकडे मी तो टाकला, चार दिवसांनी घेतला आणि खिशात घालून परत आणला. काका वाटच पाहत होते. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले आणि लगेच उघडले. "मास्तर, हा मोत्या नाई."

"काका, तेच घड्याळ आहे. काचेवरचा हा ओरखडा पाहा."

"कातडं मोत्याचंच हाय," ते म्हणाले. "आत दुसराच कोनी बसला हाय."

त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून मला जास्त लागलं. माझ्या हातून त्यांचा मोत्या गेला होता आणि ते खरं आहे की नाही हेही मला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांनी धुतलेलं धोतर नेसलं, डबा काखेला मारला आणि आम्ही यवतमाळची गाडी धरली.

दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं बसली होती. घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाटील, टाइम पाहता येते का तुमाले?"

"नाई येत."

"मंग मशीन बदलली हे कोनं सांगतलं?"

"मोत्या बोलला नाई, म्हनून समजलं."

दुकान हसलं. मी जमिनीकडे पाहू लागलो. घड्याळवाल्याला रंग चढला. त्याने खण उघडला आणि दुरुस्तीला आलेली घड्याळं एकेक करून काकांच्या हाती द्यायला सुरुवात केली. काका प्रत्येकाला तितक्याच मनाने ऐकत होते. "याच्यात तेल जास्त झालं, घसरून राह्यला." पुढचं घेतलं. "हा कधी तरी पडला हाय. एक पाय टेकत नाई." त्यापुढचं. "हा चांगला हाय, पन मालक याले चावी कधी सकाळी देते, कधी दोन दिवस देतच नाई." बाकावरचा कोर्टातला कारकून एकदम लाल झाला आणि म्हणाला, "माझंच आहे ते. खरं आहे." मग कोणी हसलं नाही.

पण सगळे खण संपले तरी मोत्या सापडला नाही. काकांचा चेहरा उतरला. तसा चेहरा मी कपाशीवर बोंडअळी आली तेव्हाही पाहिला नव्हता. घड्याळवाल्याला बहुधा दया आली, किंवा आम्ही लवकर जावं असं वाटलं असेल. तो गल्ल्यावरून पुढे वाकला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या पाटील. वय झालं की कान दगा देतेत."

हात डाव्या खांद्यावर होता. काका जागच्या जागी थिजले. मग त्यांनी दोन्ही हातांनी ते मनगट धरलं आणि शांतपणे म्हणाले, "हा पाहा मोत्या."

घड्याळवाल्याने हात ओढला. हे माझं स्वतःचं आहे, बारा वर्षांपासून वापरतोय, असं बरंच काही तो बोलला. घड्याळ त्याच बनावटीचं होतं, फक्त वरून चकचकीत. काकांनी डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडलं. अंगावरची घड्याळंही काढून त्यात ठेवली. "मागं आर्णीच्या कारागिरानं याच्या पोटात एक पितळी स्क्रू बसवला. पांढरा भेटला नाई तवा. बाकी सारे पांढरे, तो एकटा पिवळा. उघडा. पिवळा नसला, तं हे सारेच्या सारे तुमचे."

मी त्यांची बाही ओढली. चुकले असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसून ते काय करणार होते, हे माझ्याच्याने डोळ्यांपुढे आणवेना. त्यांनी माझा हात सोडवून घेतला. घड्याळवाला म्हणाला, "मी कायले उघडू?" तेव्हा कारकून उठला आणि म्हणाला, "उघडा, नाहीतर माझंही परत करा." बाकावरच्या सगळ्यांनी आपापल्या पावत्या पुढे केल्या. घड्याळवाल्याने नाइलाजाने झाकण काढलं. आत सात-आठ पांढऱ्या स्क्रूंच्या मधोमध एक पिवळा स्क्रू लख्ख चमकत होता.

मशीन तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, परत मोत्यात बसवलं गेलं. तेवढा वेळ काका डोळे मिटून उभे होते. मग त्यांनी घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, "हं. आला घरी." कारकुनाने आम्हां दोघांना चहा पाजला. परतीच्या गाडीत काकांनी शेजारच्या प्रत्येक उतारूला मोत्याची चाल ऐकवली, आणि आम्ही गावात पोचण्याआधी ही बातमी गावात पोचली होती. आठवडाभर लोक घड्याळं घेऊन येत राहिले. एक गृहस्थ तर म्हैस घेऊन आले, हिच्या पोटात काय वाजते ते ऐका म्हणाले. काकांनी ऐकलं. मी त्या दिवसांत गावातून असा चालायचो, जणू ते कान माझेच आहेत.

पुढे माझी बदली झाली. सात-आठ वर्षांनी एकदा त्या बाजूला गेलो, तेव्हा दुपारच्या विसाव्याला त्यांच्या घरी शिरलो. काकू दारातच म्हणाल्या, "आता म्या हाक मारली तं खरंच ऐकू येत नाई यायले." हे सांगताना त्या हसल्या नाहीत. काका ओसरीवर बसले होते. बिस्किटाचा डबा पुढ्यात होता. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मी काय बोललो ते त्यांना कळायची गरजच पडली नाही. पण माझं लक्ष त्या डब्यावर होतं. आता अकरा मुकी घड्याळं घेऊन हा माणूस करतो तरी काय?

त्यांनी ओळखलं असावं. डब्यातून मोत्या काढला, धोतराला पुसला, हलकेच दातांत धरला आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर तेच जुनं समाधान पसरलं. "कान गेले, मास्तर," ते म्हणाले. "पन दात हायत अजून. हाडातून येते तं आनखीच साफ येते." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग त्यांनी माझं मनगट ओढून घेतलं. नव्या घड्याळाच्या कडेला दात टेकवून ते बराच वेळ थांबले. "चाल बरी हाय. पन लय घाईत हाय हा. याले म्हना, बस जरासा."

माझी गाडी पाच वाजताची होती. मी घड्याळ काढलं, डब्यातल्या रुईवर मोत्याच्या शेजारी ठेवलं आणि काकूंना सांगितलं की रात्री मी जेवायला आहे.