काळ्या धुराची साक्ष

दसरा होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. धान निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, पाऊस गेला होता आणि बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, भेगा पडत होत्या. नेमकं तेव्हाच तळ्याच्या पाळीवरचं पाटलांचं इंजिन दम टाकू लागलं. हँडल मारलं की सुरू व्हायचं. पंपाचा पट्टा चढवला की मात्र धापा टाकायचं, काळाकुट्ट धूर ओकायचं. पाटात पाणी यायचं करंगळीएवढं.

पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावानं एका संध्याकाळात निकाल लावून टाकला: तळ्यातल्या मासळीवर जगणाऱ्या म्हाताऱ्या ढिवरानं डिझेलमध्ये पाणी ओतलं. पुरावा? तळं उपसलं तर त्याची मासळी मरते, हाच पुरावा. पाटलांनी त्याचं जाळं उचलून आणलं आणि इंजिनाच्या खोपटापुढं टाकलं. ठरलं असं: वरोऱ्याहून मिस्त्री येईल. टाकीत पाणी निघालं की जाळं तिथंच पेटवायचं आणि म्हाताऱ्याला तळं बंद. ते सुती जाळं त्याच्या बायकोनं दोन पावसाळे बसून विणलेलं होतं.

मी विशीतला, पत्रकं लिहून आणि वाटून तयार झालेला. माझाही निकाल तयार होता: तळं गिळण्यासाठी पाटलांनीच इंजिन बिघडवलं. आमच्या दोन बांध्या त्याच पाण्यावर होत्या, हे माझ्या पुढच्या पत्रकात येणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं आणि बाटली उन्हात ठेवली. मिस्त्रीनं एक बिडी ओढून संपवली. पाटलांच्या हातात काडीपेटी होती. बाटलीच्या तळाशी पाणी काही साचलं नाही.

"इंजिन पिऊन बसलं असंल," पाटील म्हणाले.

"पाणी पेलं असतं त धूर पांढरा आला असता. फटफट करून बंद पडलं असतं. हे काळं ओकून राह्यलं. डिझेल जाते, पन जळत नाई."

मला राहवलं नाही. "पाटील, हे तुमीच केलं. गरिबाचं तळं..."

"थांब न गा भाऊ," म्हातारा हळूच म्हणाला. "तू बोलशील त मिस्त्रीले इंजिन आयकू नाई येनार."

लोक हसले. माझे कान तापले.

मिस्त्रीनं डिझेल फवारणारी नळी उघडून पाहिली. फवारा धुक्यासारखा बारीक होता. नळी परत बसवून त्यानं इंजिन सुरू केलं, पट्टा चढवला आणि इंजिनाच्या बाजूच्या तोंडाशी तळहात धरला. तिथं लाल फडकं बांधलेलं होतं. खंडेनवमीला पाटलांनी स्वतः बांधलेलं. हळद, कुंकू, तेल, वर पाळीवरची धूळ. फडक्याचं चामडं झालं होतं. ते आम्ही रोज पाहत होतो. इंजिनवाला रोज त्याला हात जोडून, फूल खोचून मगच हँडल मारत होता.

"इंजिन इथून हवा घेते. हे कोन बांधलं?"

"पूजेचं हाय," पाटील म्हणाले. "हात नको लावू."

"मंग बाटलीत देव पायत बसा. मले गाडी पकडाची हाय."

कोणी पुढं होईना. अंधश्रद्धेवर चार पानी पत्रक काढणारा मीही नाही. धानाला काही झालं असतं तर आईनं माझ्याकडं पाहिलं असतं, एवढंच माझ्या डोक्यात.

म्हातारा उठला. "आता जे जळाचं ते जळन," म्हणत त्यानं फडक्याला हात जोडले आणि जन्मभर गाठीच मारलेल्या बोटांनी गाठ सोडली. फडकं निघालं तसा इंजिनाचा आवाज मोकळा झाला. धूर करडा झाला, मग दिसेनासा. पाटात पाणी धबाधबा पडू लागलं.

कट नव्हताच. माणसाला तीन दिवस चोर ठरवायला गावाला एक फडकं पुरलं होतं. कट असता तर मला लिहायला तरी सोपं गेलं असतं.

"ने गा तुझं जाळं," पाटील पाटाकडं पाहत म्हणाले.

"आधी माफी मागा," मी पाटलांची वाट अडवून उभा राहिलो. "सगळ्यांसमोर."

पाटील मला वळसा घालून पाटाकडं गेले. म्हातारा माझ्या पायाशी वाकला होता.

"पाय काढ न भाऊ. जाळ्यावर उभा हायेस तू. तळ्याचं पाणी उतराच्या आत टाकाले पायजे."

मी पाय काढला.