समुद्रावरची कानटोपी

पक्षाघाताने डावी बाजू गेल्यापासून क्वेकर्स हिल उपनगरात राहणारा चंद्रहास बायकोशी एकदाही भांडला नव्हता. मुळात माणूस तापट. पण जी आपल्याला उचलून संडासला नेते, तिच्याशी वाद घालायचा कुठल्या तोंडाने? लॉकडाऊनमध्ये तर मदतनीसही यायचे बंद झाले आणि सगळं बायकोवर, चित्रावरच पडलं. आमटी खारट झाली तरी तो मुकाट गिळायचा.

निर्बंध उठले, आणि अपंगांसाठीच्या सरकारी निधीतून प्रवासाला मदतनीस न्यायची मंजुरी मिळाली. टेविटा नावाचा धिप्पाड गडी मास्क लावून हजर झाला. उचलणं, अंघोळ, व्हीलचेअर, सगळं त्याच्याकडे. तिघे कियामाच्या समुद्रावर पोचले. वारा झोंबत होता. सवयीने चित्राने नवऱ्याच्या डोक्यावर कानटोपी चढवली.

"काढ ती आधी!" चंद्रहास कडाडला. "मी काय ओली बाळंतीण आहे?"

"सर्दी झाली तर मी बघणार नाही!"

"नकोच बघूस! टेविटा आहे!"

भाषा कळेना, पण आवाज ऐकून टेविटा घाबरून मध्ये पडायला आला. चित्राने त्याला हातानेच थांबवलं. तिचे डोळे भरले होते आणि हसू आवरत नव्हतं.

"नो वरीज," ती त्याला इंग्रजीत म्हणाली. "भांडू दे त्याला. दोन वर्षं मी याचीच वाट बघत होते."