दहाच्या चहाला रिंगर

"दोनशे बहात्तर," नोला म्हणाली, आणि वजनकाट्यावर पुन्हा वाकली. आकडा बदलला नाही.

काट्यावर पुडिंगचं जुनं भांडं होतं आणि भांड्यात, टॉवेलात गुंडाळलेला रिंगर. सत्तेचाळीस वर्षांचा काकाकुवा. छाती गुलाबी, पाठ राखाडी, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. काल तो दोनशे अठ्ठ्याहत्तर ग्रॅम होता.

नोला ट्रेगियरनं तीस वर्षं लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीसाठी स्वयंपाक केला. एका शेडवरून दुसऱ्या शेडवर, चोवीस माणसांचं पाच वेळचं खाणं. रिंगर पिल्लू असताना तिला वादळात पडलेल्या झाडाखाली सापडला. टोळीतल्या सगळ्यांत वेगवान कातरणाऱ्याला रिंगर म्हणतात. खाण्यातला वेग बघून माणसांनी त्याला ते नाव दिलं. सूर्यफुलाच्या बिया, लोणी लावलेला टोस्ट, बशीतला गोड चहा. काकाकुव्याला आमच्या गावात सगळे हेच देतात. प्रेमानंच देतात.

त्या प्रेमानं रिंगरच्या यकृतावर चरबी चढली. आदल्या आठवड्यात तो झटके येऊन दांडीवरून खाली पडला. पक्ष्यांची डॉक्टर टेस माझीच विद्यार्थिनी; वर्गात असल्यापासून ती वाईट बातमी सरळ सांगते.

"बिया बंद. एकसुद्धा नाही. ह्या धान्याच्या गोळ्या खायच्या. त्याला ऊब द्या, फार गडबड नको. वजन दोनशे सत्तरच्या खाली गेलं तर नळीनं भरवावं लागेल. आणि नोला, या वयात नळी तो सोसेल असं मी सांगू शकत नाही."

त्याला सहा दिवस झाले होते. त्या तपकिरी गोळ्यांना रिंगरनं चोच लावली नव्हती. टेसनं सूट दिलेल्या बाजरीचे चार दाणे खायचा, बाकीचे उडवायचा. टेसनं दुपारी दोनला बोलावलं होतं.

नोलानं त्याला पिंजऱ्यात ठेवलं, ताज्या गोळ्या वाटीत घातल्या, पिंजऱ्याच्या तीन बाजूंवर चादर ओढली आणि मला दंडाला धरून बाहेर पडवीत आणलं.

"आत थांबू या की," मी म्हटलं.

"विनी, स्वयंपाकिणीनं वाढायचं आणि निघायचं. माणसाच्या घासाकडे बघत उभं राहू नये. त्याचा घास अडकतो."

हा तिचा जुना नियम. तिच्या घरी मी शेकडो वेळा जेवले असेन, पण तिला टेबलाशी बसलेली कधी पाहिली नाही. ती ओट्यापाशी उभ्यानं खाते, तेही सगळ्यांची भांडी उचलून झाल्यावर.

दहाला डंक आला. जुना कातरणारा, आता पाठीतून वाकलेला. "कुकी, चहा आहे की संप?" शेडच्या स्वयंपाकिणीला सगळे कुकीच म्हणतात.

आम्ही आत गेलो, नोलानं किटली ठेवली. डंक पिंजऱ्याकडे गेला आणि त्याचा हात खिशात गेलेला मी पाहिला. नोलानंही पाहिला.

"काढ बाहेर."

"दोनच आहेत गं. भुकेनं मरण्यापेक्षा–"

"बाहेर!"

बियांचे दोन दाणे त्यानं टेबलावर ठेवले. नोलानं ते चुलीत टाकले. डंक मान खाली घालून बसला, आणि काहीतरी करायचं म्हणून मी चहासाठी आणलेल्या डब्यातला स्कोन, छोटा गोडसर पाव, उचलून चावला.

तेव्हा रिंगर हलला. चादरीच्या उघड्या बाजूला सरकला, चांगला डोळा डंकच्या तोंडावर लावला आणि रिकामीच चोच चघळू लागला.

शाळेच्या मैदानावर सांडलेला गहू टिपायला या पक्ष्यांचे थवे उतरत. चाळीस वर्षं मी ते वर्गाच्या खिडकीतून पाहिले होते. एकटा पक्षी कधी खात नसे.

"नोला, शेडवर हा कुठे जेवायचा?"

"टेबलावर. माणसांमध्ये. आणखी कुठे?"

"मग बस."

"कोण, मी?"

"बस आणि खा. त्याच्या वाटीतलं."

"मी स्वयंपाकीण आहे, विनी. मी माणसांबरोबर बसत नाही."

"दोन वाजता टेस नळी घालणार आहे."

नोलानं चादर काढली. रिंगरला वाटीसकट टेबलाच्या काठावर ठेवलं. मग खुर्ची ओढून, अगदी टोकावर, पाहुणी बसते तशी बसली. एक गोळी तोंडात टाकली. आवाज करत चावली.

"कशी लागते?" डंकनं विचारलं.

"तुझ्या बहिणीच्या केकसारखी. तूही घे."

डंकनं घेतली. मीही घेतली. ओल्या पुठ्ठ्याची चव होती. रिंगरनं नोलाकडे पाहिलं, डंककडे पाहिलं. वाटीतून गोळी उचलली, टाकली. नोला चावतच राहिली. त्यानं ती पुन्हा उचलली, पायात धरली, आणि कुडुम असा बारीक आवाज झाला.

नोला उठायला लागली. मी तिचा हात दाबून धरला. "हलू नकोस."

त्या सकाळी त्यानं साडेतीन गोळ्या खाल्ल्या. टेसला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "आज नळी नको, उद्या वजन सांगा."

दुसऱ्या दिवशीचं वजन होतं दोनशे एकाहत्तर. नोलाचा चेहरा मला बघवला नाही. पण दहाला ती पुन्हा खुर्चीत बसली. तिसऱ्या दिवशी दोनशे चौऱ्याहत्तर.

याला आता पाच महिने झाले. रिंगर म्हातारा आहे, आणि झटका पुन्हा कधीही येऊ शकतो, असं टेस सांगते. नोला तिच्याशी वाद घालत नाही. दहा वाजता ती हात पुसते, टेबलाशी बसते, आणि डंकला उशीर झाला तर बसल्या जागेवरूनच ओरडते, "अरे, आम्ही जेवायला थांबलोय!"