फ्रीजखालची फरशी

आइस्क्रीमचे डबे काउंटरवर काढून ठेवले आणि कंपनीच्या दोघांनी माझ्या दुकानातला फ्रीज टेम्पोत चढवला. वैशाखाचं ऊन, शाळांना सुट्टी, आणि इथे डबे पाझरायला लागलेले.

फ्रीज आइस्क्रीम कंपनीचाच, हे खरं. पण तो आणून बसवला होता त्यांच्या विक्रीच्या माणसानं, सुधाकरनं, आणि न्यायलाही तोच आला.

“मावशी, आमची कंपनी मोठ्या कंपनीत गेली. लहान दुकानांतले फ्रीज उचला म्हणून वरून हुकूम आहे.”

“मग तू आता कुठला?”

“नव्या कंपनीचा.”

“शर्ट तेवढा नवा दिसतोय. तोंड जुनंच आहे.”

तो हसला, पण माझ्याकडे बघेना.

डबे मी गल्लीत वाटून टाकले. फ्रीजच्या जागची धूळ झाडली, तर खाली कोरी फरशी निघाली. बाकीची गिऱ्हाइकांच्या पायांनी झिजलेली. मी त्या चौकोनाकडे बघत बसले. मोठे एकत्र आले की त्यांना लांबचं दिसतं, पायाजवळचं दिसत नाही. त्यांचं आइस्क्रीम या गल्लीत खपवलं कुणी, हे नव्या साहेबाला कोण सांगणार? राग आला, रडू नाही. उन्हाळ्याच्या विक्रीवर माझं दुकान वर्षभर तगतं, बसून कसं चालेल? त्या चौकोनावर माठ मांडला आणि कोकम सरबत सुरू केलं. पोरं येत राहिली.

पुढे नव्या कंपनीनं सुधाकरलाही घरी बसवलं. जुन्या कंपनीचं नाव आता कुठल्या पाटीवर दिसत नाही. माझं दुकान चालू आहे, आणि मी आहे.