तास चालू आहे

“हे घाला.”

मांडीवर एक गाठोडं येऊन पडलं. आत लाल फडकी, कवड्यांच्या माळा, मोराची पिसं. नाशिकच्या एका सभागृहात, रंगमंचामागच्या खोलीत मी बसलो होतो. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. सोबत माझ्या शाळेची सहा मुलं, सातवीची. प्रत्येकाच्या हातात बांबूची टोपली.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा. सुरगाण्याच्या डोंगरात एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. जातीने कोकणा. आदिवासी. टोपलीच्या विणीवरून मी मुलांना पाढे शिकवायचो, अपूर्णांक शिकवायचो. ते कुणी तरी पाहिलं आणि शिक्षकांच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. दहा मिनिटं गणित दाखवायचं. महिनाभर आम्ही तयारी केली होती.

गाठोडं टाकणारे संयोजक होते. स्वतःही शिक्षक. आवाज गोड.

“गुरुजी, वेळ कमी आहे. पाहुणे मुंबईहून आलेत. त्यांना नाच बघायचाय.”

मी म्हणालो, “सर, आम्हाला गणितासाठी बोलावलंय.”

“गणित काय, कुणीही दाखवेल. तुम्ही तुमचं दाखवा.”

तुमचं. म्हणजे गणित माझं नव्हतं. बी.ए. मी गणित घेऊन केलं होतं, तरी नव्हतं.

मी शर्ट काढला. मुलांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुलग्यांनीही काढले, मुलींनी फडकी कपड्यांवरूनच गुंडाळली. कुणी तरी त्यांच्या गालांवर पांढरे ठिपके काढले. असला वेश आमच्या पाड्यावर कुणी कधी घातला नव्हता. आमच्याकडे नाच आहे. मार्गशीर्षात, डोंगऱ्यादेवाच्या दिवसांत, भोपळ्याची पावरी वाजते तेव्हा. तो देवासाठी. इथे कॅसेट लावली होती. कुठल्या मुलखाची कोण जाणे. निवेदिका म्हणाली, “निसर्गाची लेकरं.” टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून बोट वर झालं, अजून एकदा. आम्ही अजून एकदा नाचलो. जेवणही त्याच वेशात. पाहुण्यांना फोटो हवे होते.

परतीच्या एसटीत यमुना माझ्या शेजारी होती. वर्गात सगळ्यात हुशार. टोपली मांडीवर घेऊन बसली होती. दिंडोरी गेल्यावर तिने विचारलं, “गुरुजी, गणित कवा दाखवायचं?”

“पुढच्या वेळी,” मी म्हणालो.

खोटं बोललो. पुढची वेळ आली ती नाचाचीच. मग त्याच्या पुढचीही.

इथे पाड्यावर माझं नाव निघतं ते चांगलं निघतं. दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं द्राक्षबागांच्या कामाला जायची. पोरं सोबत गेली की त्यांची शाळा सुटायची. ती पोरं मी माझ्या घरी ठेवून घ्यायचो. दहा-बारा असायची. माझी बायको सखू त्यांना नागलीच्या भाकरी थापायची. पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणी मी डोलीतून सडकेपर्यंत नेल्यात. हे सगळं खरं. पण हेही खरं की अकरा वर्षं मी मुलांना तो पिसांचा नाच शिकवला. अधिकारी आले, नाच. पाहुणे आले, नाच. वरून निरोप यायचा, “पथक तयार ठेवा.” शाळेच्या छपराला पत्रे हवे होते, दुसरा शिक्षक हवा होता. मी स्वतःला तेच सांगायचो.

सखूने एकदाच विचारलं. “तुम्ही पोरं शिकवताय का नाचवताय?”

मी जेवत राहिलो.

मग तो बुधवार. तिसरा तास, अपूर्णांक. रघू नावाचा मुलगा फळ्यापाशी उभा होता. अडखळत बोलायचा म्हणून वर्षभर फळ्याकडे आलाच नव्हता. त्या दिवशी आपणहून उठला. अर्धं उदाहरण सोडवून झालं आणि बाहेर जीप थांबली. शिक्षण खात्याचे साहेब दारात आले. मागे शहरातले चार-पाच पाहुणे.

मी काही बोलायच्या आत रघूने खडू खाली ठेवला. आणि शर्टाची बटणं काढायला लागला.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी आली की शर्ट काढायचा. ते मी त्याला शिकवलं होतं. अपूर्णांकांच्या आधी शिकवलं होतं.

मी म्हणालो, “रघू, शर्ट घाल. उदाहरण पूर्ण कर.”

साहेब म्हणाले, “गुरुजी, पाहुणे थांबलेत.”

“साहेब, तास चालू आहे. त्यांना आत बसायचं असेल तर बसू द्या. मुलं गणित करतायत.”

“मान देतोय तर डोक्यावर बसताय? नाचावरच तुम्हाला लोक ओळखतात. गणिताला कोण विचारतंय?”

“मी विचारतोय,” मी म्हणालो, आणि दार लोटून घेतलं.

महिनाभरात बदलीचा आदेश आला. डोंगरापलीकडची शाळा, सडकेपासून दोन तास चाल. त्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याचंच. ते पाहुणे पाड्याला बोअरवेल देणार होते. दिली नाही. रघूचा बाप माझ्या दारात आला. आत ये म्हटलं, आला नाही.

“गुरुजी, तुमच्या मानापायी आमचं पाणी गेलं.”

त्या उन्हाळ्यात बायका दरीत उतरून पाणी आणत होत्या. बदलीवर निघेपर्यंत सखूही त्यांच्यात होती. दोन महिने वाटेत तिच्याशी कुणी बोललं नाही. रघूचा बाप खोटं बोलत नव्हता. फक्त जाब त्याने मला विचारला. पाण्यासाठी पोरं नाचवणाऱ्यांना विचारला नाही. त्यांना विचारायची सवय आम्हाला कुणी लावली नव्हती. मीही लावली नव्हती.

आता मी बहात्तर वर्षांचा आहे. सखू गेली. पाड्यावर परत आलोय, रोज सकाळी ओट्यावर मुलांना शिकवतो. शाळेच्या समितीत आहे. मागच्या महिन्यात शाळेच्या बाई एक सरकारी पत्र घेऊन आल्या. नाशिकला मिरवणूक. पन्नास मुलं पाठवावीत, पारंपरिक वेशात. दिवस शाळेचा.

बाई म्हणाल्या, “काय करू? नाही म्हटलं तर माझी बदली करतील.”

“करतील,” मी म्हणालो. “म्हणून तुम्ही लिहू नका. मी लिहितो. माझी आता कुठे बदली करणार?”

पण आधी पालकांना बोलावलं. काही जण चिडले. पोरांना नाशिक बघायला मिळतं, एक वेळचं गोड जेवण मिळतं, त्यात काय बिघडलं? मी त्यांना रघूचं सगळं सांगितलं. माझा दोष आधी सांगितला. तिघं उठून गेले. बाकीचे बसले आणि त्यांनी सह्या केल्या.

मग मी दोन ओळी लिहिल्या. ‘आमची मुले शाळेच्या वेळेत वर्गात असतात. ती येणार नाहीत.’ विनंती लिहिली नाही, क्षमस्व लिहिलं नाही. खाली माझं पूर्ण नाव, गाव, जात.

पत्र पुढच्या वर्षी पुन्हा येईल. मी असलो तर हेच लिहीन. नसलो तर ज्यांनी सह्या केल्यात ते लिहितील. त्यातल्या ज्यांना सहीपुढे लिहिता येत नाही, त्यांना मी या पावसाळ्यात शिकायला बसवणार आहे.