तोंडातल्या टाचण्या

माझ्या थोरल्या जाऊबाई काम करताना तोंडात टाचण्या धरतात. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं, कापड चिमटीत धरायचं आणि ओठांतली एकेक टाचणी काढून लावत जायचं. त्यामुळे त्यांचा सगळा कारभार मुक्याने चालतो. बडबडायला मी आहेच, मागे काजं-बटणं करत. लोकांचे कपडे सैल नाहीतर आखूड करून देणं, एवढाच आमचा धंदा.

फक्त एका बाईसाठी जाऊबाई टाचण्या बशीत काढून ठेवायच्या. ती त्यांची शाळेपासूनची मैत्रीण, कादंबऱ्या लिहिणारी. नाती, कुटुंब, मैत्री असलं हळवं लिहिते. पुस्तकाच्या पाठीवर गालाला हात लावलेला फोटो असतो. दर आठवड्याला काहीतरी उसवलेलं घेऊन यायची आणि ‘मग पुढं काय झालं गं?’ करत बसायची. जाऊबाई बोलायच्या. भावजी गेल्यापासून त्यांचं ऐकून घेणारं दुसरं होतं कोण? मी होते, पण मी ऐकते कमी.

मग तिची नवी कादंबरी आली. मी वाचली आणि मला शिसारी आली. आमचं दुकान जसंच्या तसं, इस्त्रीने जळलेल्या टेबलासकट. मला खाष्ट केलं होतं आणि वर मिशी लावली होती. खाष्ट मी आहे, पण मिशी कुठून आणली देव जाणे. हे सगळं मी गिळलं असतं. तिनं जाऊबाईंच्या मुलालाही सोडलं नव्हतं.

तो भांडून घराबाहेर पडला होता. आता कुठं रविवारी जेवायला येऊ लागला होता, आणि जाऊबाई त्या दिवशी सकाळपासून दाराकडं डोळे लावून बसायच्या. पुस्तकातली आई म्हणते, ‘तो गेला त्या दिवशी मला हायसं वाटलं.’ जाऊबाई तसं म्हणाल्या होत्या, खोटं कशाला सांगू? पण ते हायसं संध्याकाळपर्यंतच टिकलं, मग त्याचा जुना शर्ट उसवून पुन्हा शिवत बसले, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं होतं. ते बाईच्या कामाचं नव्हतं.

मुलगा पुस्तक हातात घेऊनच दुकानात आला.

“आई, हे तू बोललीस?”

जाऊबाईंना खोटं बोलता येत नाही. “बोलले रे, पण...”

पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. रविवार बंद झाले.

त्यानंतर मैत्रीणही फिरकली नाही. उगवली ती परवा, सत्कारासाठी घेतलेला कोट कंबरेत आवळून घ्यायला. नेमका त्याच सकाळी मुलाचा फोन आला होता. ‘रविवारी येतो,’ एवढंच म्हणाला. तेव्हापासून जाऊबाई उगाचच मशीनचं चाक फिरवत बसल्या होत्या.

बाई आरशासमोर उभी राहिली. “रागावलीस की काय? अगं, तुझं नाव कुठं घातलंय मी? आणि वाचून बायका रडतात गं! किती जणींना आधार झालाय तुझ्या दुःखाचा!”

आधार म्हणे!

“आता सगळे दुसरा भाग मागतायत. शेवटाशी अडलेय मी,” असं म्हणत तिनं जाऊबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. “मुलगा यायचा बंद झाला म्हणे. आला का गं परत? निदान फोन तरी?”

त्या हाताची मला किळस आली. पण जाऊबाईंचा चेहरा बघून जास्त धास्ती वाटली. बातमी अगदी ओठांवर होती, आणि आयुष्यभर पहिली बातमी याच बाईला सांगायची त्यांना सवय.

त्यांनी बशी पुढं ओढली. एक टाचणी ओठांत धरली, मग दुसरी, मग मावतील तेवढ्या. आणि मान हलवली. नाही.

“अरेरे!” बाई म्हणाली, आणि आरशात तिचा चेहरा खुललेला मला स्पष्ट दिसला. “मग शेवटी तो येत नाही, असंच ठेवते.”

जाऊबाईंनी तिला हात वर करायची खूण केली आणि कोट आवळायला घेतला.